नऊ खटके

मुलानं परगावाहून खोकं पाठवलं. बाथरूमच्या छताला बसवायचा पंखा, त्यातच हीटर आणि त्यातच दिवा. "आंघोळीनंतर तू गारठतेस," असं तो फोनवर म्हणाला आणि घाईघाईत फोन ठेवूनही दिला. आईनं उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. शेजारी तिला अजून टेलिफोनबाईच म्हणत. लोकांना लोक जोडून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आता घरात तिच्याशी बोलायला चिटपाखरू नव्हतं.

वायरमन येणार त्या सकाळी टेलिफोनबाईंनी एक खोडसाळपणा केला. दाराजवळच्या मीटरच्या पेटीत आठ खटके होते, प्रत्येकाखाली तो कुठला ते सांगणारी, त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी. त्या सगळ्या त्यांनी नखानं सोलून काढल्या.

वायरमन बाथरूममध्ये स्टुलावर चढला. "काकू, मेनच बंद करा."

"नको रे बाबा, फ्रीजमध्ये औषधं आहेत!" फ्रीजमध्ये दोन लिंबं होती.

"मग एकेक खटका पाडा. इथला दिवा गेला की मी ओरडतो."

बाथरूमचा खटका तिसरा, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. त्यांनी आठव्यापासून सुरुवात केली.

"चालू आहे!"

"आता?"

"चालूच आहे, काकू!"

"आता रे?"

किती दिवसांनी घरात कुणी ओरडत होतं! बाईंना इतकं बरं वाटलं की चौथ्यानंतर त्यांनी तिसरा वगळून पहिला पाडला, मग दुसरा. शेवटी नाइलाज झाला.

"गेला!"

मग दोन तास तो छतात डोकं घालून बसला. हीटर जास्त वीज ओढतो म्हणून त्यानं जाड वायर वेगळी आणली, पेटीत नववा खटका बसवला. बाई काहीबाही विचारत होत्या, तो नुसतं "हं" म्हणत होता. त्या चहा करायला गेल्या तेवढ्यात त्यानं सगळे खटके तपासले आणि खिशातल्या मार्करनं प्रत्येकाखाली सुबक नाव घातलं.

"तुम्हाला फार त्रास झाला आज. आता पुढच्या वेळी कुणाला हाका मारायला नकोत."

"छान केलंस हो," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी तिन्ही बटणं लावली. दिवा लख्ख, ऊब छान, पंख्याचा तर आवाजही नाही. त्यांना फार एकटं वाटलं. मग त्या पेटीपाशी आल्या आणि ओल्या अंगठ्यानं तिसरं नाव घासू लागल्या.

मेला कामाला चोख होता. शाई पक्की होती, निघेना.