उलटा फेरा

निशा गाडी गोल गोल फिरवत होती आणि मी जागच्या जागी चुळबुळत होतो. एका ठिकाणी स्वस्थ उभं राहणं मला जमत नाही. वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणते की जेवतानाही तुमचा एक पाय गॅरेजकडे निघालेला असतो. पण त्या रविवारी चुळबुळीला कारण होतं. भिवंडीजवळच्या दापोड्यातल्या भाऊंच्या गोडाऊनचं काँक्रीटचं अंगण मोकळं होतं, एकही कंटेनर उभा नव्हता, आणि निशाची निळी गाडी टायर किंचाळवत उजवीकडे वळत होती, वळतच राहत होती. स्टेअरिंगमागे मी बसवलेला लाल दिवा एकदा जरी लागला, तरी गाडी तिच्या हातून जाणार होती.

भाऊ म्हणजे निशाचे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, निशाही भाऊच म्हणते. भातशेती होती तिथे आता त्यांची गोडाऊनं आहेत. निशा आठवडाभर गोडाऊनचं ऑफिस सांभाळते आणि सुट्टी मिळाली की गाडी ट्रेलरवर चढवून रेसिंगच्या ट्रॅकवर नेते. तिथे तिचं इंजिन दोनदा जॅम झालं होतं, आणि दोन्ही वेळा त्याच एका लांबलचक वळणावर.

कारण साधं होतं. ऑइल इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये असतं आणि पंप ते जाळीतून ओढून वर पाठवतो. पाण्याची परात घेऊन चालताना माणूस झटकन वळला की पाणी एका काठाला धावतं, तसंच हे. वळण लांब आणि वेग जास्त असला की सगळं ऑइल एका बाजूला चढून बसतं, जाळी कोरडी पडते, पंप हवा गिळतो आणि बेरिंगं जळतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे दुखणं सहसा होत नाही, कारण रस्त्यावर कुणी एवढा वेळ, एवढ्या जोरात वळत नाही. भिवंडीत तर नाहीच. इथे खड्डेच वळू देत नाहीत.

दुसऱ्या खेपेला भाऊ स्वतः ट्रॅकवर होते, पोरीला जेवणाचा डबा घेऊन गेले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत इंजिन जॅम झालं, चाकं अडकली आणि गाडी गरगरत मातीत जाऊन थांबली. निशाला खरचटलंही नाही. भाऊंनी मात्र डबा तसाच परत आणला आणि गाडी विकायची म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक घरातलंच निघालं. खारबावचा भाविक, भाऊंचा पुतण्या. त्याला ती गाडी लग्नाच्या वरातीत पुढे चालवायला हवी होती. माझ्या हाताने बांधलेलं इंजिन बँडबाजाच्या मागे रांगणार, या नुसत्या कल्पनेनेच माझं डोकं तापलं.

मी भाऊंकडे एक संधी मागितली. ते म्हणाले, दुरुस्ती कर, माझ्यासमोर अंगणात फिरवून दाखव, दिवा लागला तर त्याच पावली गाडी खारबावला. हे त्यांनी भाविकसमोर सांगितलं, म्हणजे तो शब्दच झाला.

मग मी चेंबर उतरवला. जाळीभोवती पत्र्याची पेटी बसवायची आणि पेटीच्या डाव्या-उजव्या बाजूंना लहान झुलती दारं ठेवायची, असं ठरवलं. ऑइलने आत यावं, पण बाहेर पळायला लागलं की त्याच्याच रेट्याने दार बंद व्हावं. पाण्याच्या टँकरमध्ये आडवे पत्रे मारणाऱ्या जानूकडून वेल्डिंग करून घेतलं. मी ‘लवकर, लवकर’ करत त्याच्या मानेवर बसलो होतो आणि तो मला बाहेर जाऊन बसायला सांगत होता. कंपनीचा दिवा फार उशिरा लागतो, म्हणून ऑइलचा दाब जरा पडला की पेटणारा वेगळा दिवा लावला, फक्त चालवणाऱ्याला दिसेल असा.

आणि दिवा लागला नाही. निशा फिरून फिरून थांबली, काचेतून तिने अंगठा दाखवला. भाऊंनी चहा सांगितला. भाविकचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं आणि मला उगाचच त्याच्यावर प्रेम आलं.

निशा मात्र गाडीतून उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, "भाऊ, एक उलटा फेरा मारते. ट्रॅकवरचं ते मोठं वळण डावं हाय."

या अंगणात कुणीच कधी डावीकडे वळत नाही. ट्रकवाला उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवीकडे वळताना त्याला आतला कोपरा दिसतो. म्हणून भाऊंनी सुरुवातीलाच जमिनीवर पिवळा बाण रंगवला. पुढे त्या बाणाचा धर्म झाला. उलटा फेरा फक्त मसणात, असं ते नव्या ड्रायव्हरला दरडावून सांगतात. आम्ही बौद्ध, पण स्तूपाला फेरी आम्हीही उजवीकडूनच घालतो. म्हणून असेल, माझ्याही डोक्यात दुसरी बाजू आली नव्हती. इतके दिवस इंजिनासाठी जीव टाकला आणि वळण कुठल्या बाजूचं आहे हे विचारलं नाही. स्वतःलाच दोन लगावाव्यात असं वाटलं.

भाऊंनी साफ नकार दिला. मीही मध्ये पडलो, आता झालं ना, उतर, असं ओरडलो. मनात होतं की गाडी गॅरेजला न्यावी, गुपचूप तपासावी. निशाने काच वर केली आणि बाणाच्या उलट निघाली.

अर्धा फेरा झाला असेल-नसेल, इंजिन एकदम गप्प झालं. तिने चावी फिरवली होती. गाडी नुसती घरंगळत येऊन थांबली. मी धावलो. तिचा चेहरा पाहिला आणि सगळं कळलं. खिडकीला तोंड लावून हळूच म्हणालो, टायर बसला म्हण. दिवा तिच्याशिवाय कुणालाच दिसला नव्हता.

ती उतरली, माझ्याकडे न बघता भाऊंसमोर जाऊन उभी राहिली.

"दिवा लागला, भाऊ."

भाऊंनी कप खाली ठेवला. भाविक लगेच उठला. भाऊ त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मागल्या टायमाला लागला व्हता का?"

मागच्या खेपेला, ट्रॅकवर, कंपनीचा दिवा लागलाच नाही म्हणून निशाने सांगितलं होतं, आणि मीही ते खरं मानून कंपनीला शिव्या घातल्या होत्या.

"लागला होता," ती म्हणाली. "फेरी पुरी करायची होती. थांबले नाही."

माझा संताप उसळला. माझी बेरिंगं जळाली होती त्यात. पण भाऊंकडे पाहिलं. ते थांबलेल्या गाडीकडे एकटक बघत होते. मातीत गरगरणारी गाडी त्यांना पुन्हा दिसत असणार. मलाही दिसली, आणि पहिल्यांदाच मला इंजिन सोडून आतली पोरगी दिसली.

भाविक म्हणाला, काका, शब्द दिला होतात.

"दिला व्हता," भाऊ म्हणाले. "पन दिवा मी पायला न्हाय, तू पायला न्हाय. तिनं सांगितला. दिवा दिसूनशान थांबत नसंल, ह्या संशयानं मी गारी काढत व्हतो. आज थांबली."

भाविक पाय आपटत निघून गेला. मला त्याची कीव करायला वेळ नव्हता. चेंबर उतरवायचा होता.

दोष बघताक्षणी दिसला. जानूने दोन्ही दारं एकाच मापाने कापून एकाच दिशेला उघडतील अशी टांगली होती. डावं दार आत उघडत होतं, उजवं बाहेर. उजव्या वळणात ऑइल पेटीत कोंडून राहत होतं आणि डाव्या वळणात उजव्या दाराने सरळ निघून जात होतं. मी समोर उभा असूनही बघितलं नव्हतं. जानूला घरून बोलावलं. त्याने दार उलटं केलं आणि या वेळी मला खरंच बाहेर बसवलं. गॅस्केटचा गोंद सुकेपर्यंत मी अंगणाला किती फेऱ्या घातल्या देव जाणे, आणि सगळ्या बाणाप्रमाणेच.

ऊन कलल्यावर निशा गाडीत बसली. भाऊ उठले, दुसऱ्या बाजूचं दार उघडून तिच्या शेजारी बसले आणि पट्टा लावताना चाचपडायला लागले. तिनेच तो लावून दिला. मी त्यांना बजावून सांगितलं, जरा तिच्या बाजूला वाकून दिव्यावर नजर ठेवा, लागला की ओरडा.

गाडी डावीकडे वळली. टायर पुन्हा किंचाळले. वाकलेले भाऊ माझ्यासमोरून गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. मी हातवारे करत ओरडत होतो, दिवा बघा, दिवा. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? ते दिव्याकडे बघतच नव्हते.

गाडी थांबली तेव्हा मी आधी त्यांच्याच खिडकीशी पोचलो आणि दिवा लागला का म्हणून विचारलं.

"मना काय इचारतस," भाऊ म्हणाले. "तिला इचार. गारी ती चालवते."