तोंडाकडे आलेला हात

शकुबाईच्या अंगावर जे चौघं बसले होते, ती काही वाईट माणसं नव्हती. मादन हिप्परग्यात ती आजही तिच्या नवऱ्याच्या, गुंडेरावच्या शेजारीच राहतात. तुरीची रास चालू होती आणि शकुबाई खळ्यावरच पडली. तिला फिट येते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकानं पाय दाबले, दोघांनी हात आवळून धरले, चौथ्यानं दातखीळ सोडवायला विळ्याची मूठ तोंडात घातली आणि फटीतून तांब्याभर पाणी ओतलं. फिट थांबली. ती आपोआप थांबायचीच होती, पण चौघांना वाटलं, पाण्यानं उतरली. ते पाणी तिच्या फुप्फुसात गेलं होतं. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात तिनं काही दिवस छाती वर उचलून उचलून श्वास ओढला, मग तेही तिला झेपेना.

गुंडेराव त्या दिवशी आळंदच्या बाजाराला गेला होता. परत आला तेव्हा बायको शुद्धीवर नव्हती आणि तिच्या पुढच्या दातांच्या जागी रक्ताची गाठ होती. पुढं तिरडीला खांदा त्याच चौघांनी दिला. ज्यानं पाणी पाजलं होतं तो सगळ्यात मोठ्यानं रडला. गुंडेरावला राग तर आला होता, पण तो काढावा कुणावर हे कळेना. म्हणून तो अंगातच राहिला. आसपास कुणी नसलं की तो गोठ्यातल्या खांबावर बुक्क्या मारायचा. बोटांची सालं निघाली की मग वैरण टाकायचा.

त्यांची एकुलती लेक मंजुश्री. तिला कोहिनूर गावात दिली होती, श्रीपतराव अडत्याच्या घरी. मुलगा हरिओम, गरीब स्वभावाचा, बापापुढं तोंड न उघडणारा. लग्नाला वर्ष होत आलं आणि मंजुश्रीलाही फिट आली. तेव्हा सासऱ्यानं घरातला स्टीलचा चमचा तिच्या दातांत घालून पिरगाळला. पुढचा एक दात अर्धा तुटला. दुसऱ्यांदा आली तेव्हा श्रीपतरावनं तिला गाडीत बसवून माहेरी आणून सोडलं. "बरी होऊ द्या, मग बघू," एवढंच बोलला आणि चहा न घेता गेला. त्याला आता कित्येक महिने झाले होते. हरिओमसाठी दुसरी मुलगी बघायलेत, असं कानावर यायला लागलं होतं.

गुलबर्ग्याच्या डॉक्टर विजयश्री मंजुश्रीला गोळ्या देत होत्या. त्यांनीच मेळाव्याचं सांगितलं. मिरगी असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे, बिदर-गुलबर्गा दोन्ही जिल्ह्यांतले, एका मंगल कार्यालयात जमणार होते. "व्याह्यांना घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. "मी त्यांच्याशी बोलते."

गुंडेरावनं फोन लावला. पलीकडून व्याही श्रीपतराव म्हणाला, "येतो, इवाई. पोरगा लई मागं लागलाय. डॉक्टरीण काय मनती ते ऐकू. गोळ्यानं बरी ऱ्हाती मनली, तर तिथूनच नेतो लेकराला. पण तिथं चार लोकांत पडली, तर मग माझ्या दारात आणू नका."

मंजुश्रीनं हे ऐकलं आणि पिशवी भरली. आदल्या रात्री ती झोपलीच नाही.

कार्यालय भरलं होतं. व्यासपीठावर एकेक जण उठून आपलं सांगत होता. औरादकडचा एक जण चुलीजवळ पडलेला, त्याच्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती. तो ती वर करून दाखवत होता. चिंचोळीकडच्या एका बाईनं सांगितलं, मुलीच्या अंगातलं काढतो म्हणून एका बाबानं तिला चिंचेच्या फोकानं झोडपलं, पोरगी निपचित झाली तेव्हा बाबा म्हणाला, गेलं बघा. त्या मुलीला आता एका डोळ्यानं दिसत नाही. सांगताना बाई रडत नव्हती. गुंडेरावच्या मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या.

शेजारी श्रीपतराव पाय हलवत बसला होता. "इवाई," तो वाकून म्हणाला, "इथं तर सगळं गावच पडणारं हाय. तुमी-आमीच उभे हाव."

"बसून ऐका की जरा."

"ऐकायलोच की. दोन तास झाले ऐकायलो. डॉक्टरीण कवा बोलती?"

"जेवल्यावर."

"म्हंजे जेवण करूनच जावं लागतंय." श्रीपतरावनं जांभई दिली.

पुढच्या रांगेत मंजुश्री आणि हरिओम एक खुर्ची मधे सोडून बसले होते. इतक्या महिन्यांनी भेटलेली नवराबायको. हरिओमनं तिच्याकडं बघून हळूच विचारलं, "हसताना पदर कामून धरायलीस?"

"दात दिसतो."

"बसवून घे की मग."

"तुमच्या बापानं तोडला. तुमीच बसवा."

हरिओम हसला आणि मधल्या खुर्चीवर सरकला. मागून गुंडेरावनं ते पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याची पाठ खुर्चीला टेकली.

जेवणाची रांग मागच्या मांडवात होती. गव्हाची गोड हुग्गी, भात, सार. मंजुश्रीनं ताट घेतलं, दोन घास खाल्ले, आणि ताट हातातून सुटलं. तिच्या तोंडून एक घोगरा आवाज निघाला आणि ती फरशीवर उताणी आदळली. डोकं आपटल्याचा आवाज गुंडेरावनं ऐकला. तिच्या हातापायांना झटके बसायला लागले. ओठांतून भात आणि फेस येऊ लागला.

पहिलं सत्र ऐकून आलेली ती सगळी माणसं. पण काय करायचं ते अजून कुणी सांगितलंच नव्हतं, आणि प्रत्येकाला घरची रीत येत होती. कुणी चप्पल काढली आणि तिच्या नाकाशी धरली. कुणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबला. कुणी ओरडलं, "कांदा आणा, कांदा." एक दांडगा गडी तिच्या गुडघ्यांवर बसला. आणि श्रीपतराव गर्दी सारत आला, त्याच्या एका हातात चमचा होता आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

"तोंड उघडा तिचं," तो म्हणाला.

गुंडेरावला पुढं काही ऐकू आलं नाही. भाताच्या पातेल्यात लोखंडी झारा होता, लांब दांड्याचा. तो त्यानं उपसला आणि व्याह्याच्या तोंडावर घातला. पेला उडाला. श्रीपतराव मागं टेबलावर पडला, साराचं पातेलं त्याच्या अंगावर कलंडलं. दुसरा फटका चप्पलवाल्याच्या कानशिलावर बसला, कान फाटला. गुडघ्यांवर बसलेल्या गड्याच्या बरगडीत गुंडेरावनं लाथ घातली, तो उठेना म्हणून दुसरी घातली, तेव्हा तो कुशीवर लोळत बाजूला झाला. मग गुंडेराव लेकीच्या अंगावर दोन्हीकडं पाय टाकून उभा राहिला आणि झारा गरागरा फिरवायला लागला. बायका किंचाळत मागं सरल्या. "हात लावलाव तर मारीन," तो म्हणत होता. "पाणी पाजायलाव? पाजा. पाजा की."

तेवढ्यात खालून एक हात तिच्या तोंडाकडं आला.

गुंडेरावनं हात पाहिला, माणूस पाहिला नाही. त्यानं झारा उभा धरून हातावर मारला. हात मागं गेला नाही. त्यानं पुन्हा मारला. वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला, तरी तो हात मंजुश्रीच्या गालाखालीच राहिला. गुंडेरावनं तिसऱ्यांदा झारा उचलला आणि मग खाली बघितलं.

हरिओम गुडघ्यांवर बसला होता. अंगात बनियन होतं, शर्टाची घडी करून त्यानं बायकोच्या डोक्याखाली सरकवली होती. तिला कुशीवर वळवून, तोंड खाली करून, तो बाहेर येणारा भात आणि फेस पुसून काढत होता. मार बसला तरी त्यानं तो हात तिच्या गालाखाली ठेवून दिला होता, कारण काढला असता तर तिचं तोंड फरशीवर आपटलं असतं. दोन बोटं उलट्या बाजूला वाकली होती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. "झालं, झालं. मी हाय. होऊ दे."

गुंडेरावच्या हातातून झारा गळाला.

तो गळायचीच लोक वाट बघत होते. फाटक्या कानाच्या माणसानं मागून त्याच्या मानेत ठोसा मारला. दांडग्या गड्यानं पोटात गुडघा घातला. गुंडेराव खाली बसला, मग आडवा झाला. त्यानं हात वर केला नाही. शेवटी श्रीपतराव आला. अंगावरून सार ओघळत होतं, ओठ फाटून लोंबत होता. त्यानं रक्ताची गुळणी थुंकली, तिच्यात दात होता. "माझ्यावर हात उचलतोस, भाड्या," तो म्हणाला आणि व्याह्याच्या तोंडावर लाथ मारली. दुसरी मारणार तेवढ्यात डॉक्टर विजयश्री मधे शिरल्या.

"पुरे. मागं व्हा सगळे." त्या मंजुश्रीजवळ बसल्या, घड्याळाकडं बघितलं, नाडी बघितली. झटके थांबत आले होते. मग त्यांनी हरिओमचा हात पाहिला. "हे कुणी केलं?"

लोक फरशीवरच्या झाऱ्याकडं बघायला लागले.

"यांनी अगदी बरोबर केलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं यांना. दर पंधरा-वीस दिवसांनी फोन करतात मला. ती कशी आहे, आली तर मी काय करू, सगळं विचारतात."

श्रीपतराव पोराकडं बघत राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं. गुंडेराव फरशीवरून बघत होता. त्यालाही नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. श्रीपतरावनं तोंडावरचा रुमाल काढला. "नको. घरचं हाय." मग तो गुंडेरावकडं वळला. "पण तुमचं-आमचं संपलं, इवाई. लेकीला घिऊन जावा."

"मी तिला घिऊन जायलोय, अण्णा," हरिओम खालूनच म्हणाला.

"असल्या हातानं?"

"दुसरा हाय की."

बापानं तोंड उघडलं. रक्त हनुवटीवर आलं, म्हणून परत रुमाल लावला.

मंजुश्रीनं बऱ्याच वेळानं डोळे उघडले. आधी तिला काही उमजेना. मग नवऱ्याचा सुजून काळा पडलेला हात दिसला.

"हे काय झालं?"

"दारात सापडली बोटं," हरिओम म्हणाला.

तिनं आजूबाजूला पाहिलं. मांडवाला दार नव्हतंच. भाताचा झारा फरशीवर पडला होता, सासऱ्याचा ओठ फाटला होता, बापाचा डोळा सुजून बंद झाला होता. ती हरिओमच्या खांद्याचा आधार घेऊन बसली.

"अप्पा, तुमी मारलाव?"

गुंडेरावनं मान हलवली. "मला वाटलं, पाणी पाजायलेत."

"ह्यांच्या हातात पाणी होतं का?"

"हातच दिसला मला."

"तुमी बगितलाव कुठं?" तिनं हरिओमच्या सुजलेल्या हाताकडं बोट केलं. "मी पडले की तुमाला माय दिसती. मी दिसतच न्हाई. उद्या कोहिनूरला पडले, आन् तुमी आलेले असलाव, तर ह्यांचा जीव घ्याल."

"मंजू, मी—"

"येऊ नका, अप्पा. दवाखान्यात बी नका, कोहिनूरला बी नका." तिनं श्वास घेतला. "डॉक्टरबाई आता शिकवणार हायत. शिका. त्यांनी मला फोन करून सांगितलं, ह्यांना आता येतंय मनून, तरच या."

रिक्षा आली. हरिओमनं चांगल्या हातानं तिची पिशवी उचलली. बाप निघायला लागला तसा तो म्हणाला, "अण्णा, तुमी बी थांबा. ऐकून या मागून." श्रीपतरावला पोरानं असं कधी काही सांगितलं नव्हतं. तो कार्यालयाच्या दारातच थांबला. रिक्षा गेली.

डॉक्टरांनी दुपारचं सत्र रद्द केलं नाही. कान फाटलेल्या माणसाला टाके घालायला दवाखान्यात पाठवलं, गुंडेरावचा डोळा पाहिला, श्रीपतरावच्या ओठाला कापूस दिला. "तुम्हालाही टाके लागतील, पण एवढं करून जा," म्हणाल्या आणि व्यासपीठावर सतरंजी अंथरायला लावली. काय करायचं नाही ते त्यांनी आधी सांगितलं. दाबून धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही, पाणी नाही, चमचा नाही. मग त्यांनी दोघांकडं बोट केलं. "तुम्ही दोघं या वर. एकानं पडायचं."

मघाचा प्रकार सगळ्यांनी पाहिला होता.

"मी पडतो," श्रीपतराव कापसातून म्हणाला. "ह्यांच्या हातात काय न्हाई ना, ते बगा आधी."

मागं कुणीतरी हसलं. श्रीपतराव सतरंजीवर उताणा झोपला. गुंडेराव त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला. समोर ते तोंड होतं, ज्यात शर्टावरच्या सारासारखंच लाल साकळलं होतं, आणि शेजारी तो हात होता, ज्यात मघा चमचा होता. गुंडेरावच्या दंडात गाठ आली. त्यानं व्याह्याचा खांदा धरला आणि वळवलं. इतक्या जोरानं की श्रीपतरावचं डोकं फळीवर खाडकन आपटलं.

"आई गं. मारायलाव परत?"

"डोक्याखाली हात कुठं आहे?" डॉक्टर म्हणाल्या. "खांदा ओढू नका. एक गुडघा दुमडा, मग हळू वळवा. पुन्हा."

श्रीपतराव उताणा झाला. गुंडेरावनं पुन्हा वळवलं. या वेळी डोक्याखाली हात होता, पण बोटं केसांत रुतली होती.

"आवळलंय तुम्ही. त्यांना दुखतंय. पुन्हा."

"लई दुखायलंय," श्रीपतराव म्हणाला. "बाई, दुसरं कुणी न्हाई का?"

"गुमान पडा," गुंडेराव म्हणाला. त्यानं घाम पुसला, तळवा धोतराला कोरडा केला आणि व्याह्याच्या गालाखाली घातला. गाल गरम होता. कापसातून रक्त झिरपून तळव्यावर आलं. त्यानं डॉक्टरांकडं बघितलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "अजून नाही. पुन्हा."