अनवाणी बाई

तिसरीच्या वर्गात वजाबाकी चालली होती. बाटल्यांची बुचं जमिनीवर मांडून टियामिके मुलांना दशक सुटा करायला शिकवत होती. ती विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. मलावी सरोवराच्या काठावरच्या या शाळेत एक सत्र शिकवायचं, मुख्याध्यापिकेचा अहवाल घेऊन परत जायचं, मग परीक्षा आणि मग पदवी. आता तीनच आठवडे उरले होते.

"बाई, तुमच्या चपला कुठायत?" पुढच्या रांगेतल्या झिओनेनं विचारलं.

"रुसल्यात. पायात यायला तयार नाहीत."

"माझ्या तर मी जन्मल्यापासून रुसल्यात!"

अर्ध्याहून जास्त वर्ग अनवाणी होता. तो खदखदून हसला. आपल्या बाई आपल्यासारख्याच झाल्या याचा मुलांना कोण आनंद!

टियामिकेला आठवा महिना होता. रोज सकाळी ती पोटाभोवती एक कापड आवळून बांधायची आणि त्यावरून चितेंजे, म्हणजे छापील कापडाचं लांबरुंद वस्त्र, गुंडाळायची. महाविद्यालयाचा नियम साधा होता: गर्भवती विद्यार्थिनीचं नाव पटावरून काढून टाकायचं. दर सत्राच्या पहिल्या दिवशी वसतिगृहाच्या रेक्टरबाई मुलींच्या आरोग्य पुस्तिका उघडून बघत. दवाखान्यात गेलं की नर्स पुस्तिकेत लिहिणार, आणि लिहिलं की रेक्टरबाईंना दिसणार. म्हणून टियामिके दवाखान्यात गेलीच नाही. आधी परीक्षा, मग सुट्टीत आजीच्या घरी बाळंतपण, असा तिचा हिशोब होता. बाळाचा बाप उलेमु तिच्याच वर्गात शिकत होता आणि सध्या दुसऱ्या गावी शिकवत होता. त्याची पुस्तिका कुणी कधी मागितली नव्हती.

"कॉलेजातली पोरगी आमच्या मक्याच्या न्सिम्यावर चांगलीच पोसली हं," मधल्या सुट्टीत गोंडवे गुरुजी म्हणाले.

"तुम्ही तुमच्या ताटात बघा, गुरुजी," मुख्याध्यापिका कामवेंडो बाईंनी त्यांना गप्प केलं.

बाईंना पहिल्या आठवड्यातच सारं कळलं होतं. पण त्यांनी पाहिलं असं ठरलं असतं तर अहवालात लिहावं लागलं असतं. न पाहणं हीच माया, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्या दिवशी टियामिकेचे फुगलेले पाय बघून त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ कमी खा गं."

"हो बाई. उन्हानं सुजलेत."

कारण ऊन नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

पुढच्या मंगळवारी फळ्यावर गणित लिहिता लिहिता टियामिके म्हणाली, "मला अंधुक का दिसतंय?" आणि खाली कोसळली. तिचं अंग झटके देऊ लागलं. झिओने किंचाळत कामवेंडो बाईंकडे धावली. सायकल-टॅक्सीवर मागून घट्ट धरून टियामिकेला दवाखान्यात न्यावं लागलं.

"पुस्तिका?" नर्सनं हात पुढे केला. तिनं पानं उलटली. कोरी. पुन्हा उलटली.

"आठ महिन्यांत एकदाही रक्तदाब मोजला नाही? तो वाढला की असे झटके येतात. दंडाला पट्टा बांधायचा, बाई. दोन मिनिटांचं काम. इथं पैसेसुद्धा पडत नाहीत."



मुलगी झाली, पण ती रडली नाही. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात, गावच्या बायकांनी तिला टियामिकेच्या पोटावर आवळलेल्या त्याच कापडात गुंडाळून पुरलं. टियामिके दोन दिवसांनी शुद्धीवर आली.

दवाखान्यानं महाविद्यालयाला कळवलं आणि आठवड्याभरात तिथून पत्र आलं. खाटेशेजारी बसून कामवेंडो बाईंनी ते वाचून दाखवलं. 'अडचण आता राहिलेली नसल्यामुळे' विद्यार्थिनीला परीक्षेला बसण्यास हरकत नव्हती. मुख्याध्यापिकेनं नेहमीप्रमाणे अहवाल पाठवावा.

"अडचण," टियामिके म्हणाली. "बाई, तिला नाव ठेवायचं राहिलं होतं. त्यांनी ठेवलं."

दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गावर कामवेंडो बाई स्वतः गेल्या. बुचं अजून कोपऱ्यात तशीच पडली होती.

"बाईंचं बाळ कुठंय?" झिओनेनं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं बाळाचं?"

"आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पाय फुगले होते, माझ्या आईचे फुगले होते तसेच. फळा पुसताना त्या पोट धरायच्या." मग ती मान ताठ करून म्हणाली, "पण आम्ही कुणालाच सांगितलं नाही, बाई. तुमच्यासारखे गप्प बसलो."

चाळीस मुलं शाबासकीची वाट बघत होती. कामवेंडो बाईंनी तीस वर्षं मुलांना हात वर करून बोलायला शिकवलं होतं. हा दुसरा धडा कधी शिकवला, ते त्यांना आठवेना. मुलांकडे पाठ करून त्या फळा पुसत राहिल्या, स्वच्छ झाल्यावरही.

सोमवारी बस पकडून त्या स्वतः अहवाल घेऊन महाविद्यालयात गेल्या. प्राचार्य चिसाले यांनी तो वाचला. अध्यापन उत्कृष्ट, मुलांवर माया, वेळेची शिस्त. शेवटच्या ओळींवर ते थबकले.

"'ती गर्भवती आहे हे मला माहीत होतं. नियमाच्या भीतीनं ती दवाखान्यात गेली नाही आणि मी तिला नेलं नाही. बाळ त्यामुळे गेलं.' कामवेंडो बाई, हे काय लिहिलंत? तुमचीच नोकरी जाईल. हे खोडा."

"नाही, सर."

"अहो, नियम मुलींच्या भल्यासाठीच आहे. उद्या इतर पोरींनी यातून काय धडा घ्यायचा?"

"घेतलाय की त्यांनी. कापड कसं आवळायचं, याचा." बाईंनी खिडकीकडे बोट केलं. "तुमच्या वसतिगृहात आत्ता, या घटकेला, कुणी कापड आवळून बसली नसेल असं मला सांगता का?"

खिडकीखालून मुली पुस्तकं घेऊन वर्गाकडे चालल्या होत्या. चिसाले खाली बघत राहिले. काहींनी अंगाभोवती चितेंजे लपेटली होती.

कामवेंडो बाईंनी पिशवीतून टियामिकेची पुस्तिका काढली आणि कोरं पान उघडून टेबलावर ठेवली. अहवाल शेजारी सरकवला.

"आयुष्यभर मुलांच्या चुका लाल शाईनं दाखवत आले, सर. ही माझी चूक आहे, म्हणून खोडणार नाही. खाली मी सही केलीय." त्यांनी पेन पुढे केलं. "शेजारी अजून एका सहीची जागा सोडलीय."