कोरड्या पायरीवर

सुनेने दाराशी थांबून छाती भरून श्वास घेतला, ओठ मिटले आणि मगच ती हातातला ट्रे सांभाळत सासऱ्यांच्या खोलीत शिरली. ट्रेमध्ये चहा नव्हता. मातीचं एक बुटकं भांडं होतं. वर उथळ वाटी आणि पोटात मेणबत्ती ठेवायला भोक.

"हे काय गं?" मास्तरांनी उशीवरून मान वळवली.

"सुगंधी दिवा आहे बाबा, वाटीत पाणी नि दोन थेंब तेल, थंडीत बरं असतं म्हणतात."

"कुणाला बरं असतं? मला की दिव्याला?"

एरवी ती हसली असती. पण हसायला हवा लागते आणि तिच्याजवळ ती मोजकीच होती. तिने भांडं स्टुलावर ठेवलं, मेणबत्ती पेटवली, पलंगाखालची लघवीची बाटली उचलली, "दूध ठेवलंय गॅसवर" म्हणाली आणि बाहेर पडली. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून तिने श्वास सोडला. गॅसवर दूध वगैरे काही नव्हतं.

मास्तर म्हणजे शहरातल्या पोहण्याच्या तलावावरचे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि बाहेरही काढलं होतं. बँकेतले साहेब काय, पोस्टमन काय, मास्तर दिसले की अजून पोटं आत ओढत. असा माणूस झटका येऊन उजव्या अंगाने लुळा पडला आणि घरातल्या सगळ्यांत लहान खोलीत आला, कारण न्हाणीघर तिला लागून होतं. पलंग, कपाट, स्टूल आणि एक खिडकी. खिडकी मास्तर उघडू देत नसत. वारा बाधतो म्हणत. खरं म्हणजे खिडकी रस्त्यावर होती आणि रस्त्याने त्यांनी शिकवलेली माणसं ये-जा करत होती.

त्या खोलीला वास येई. मलमाचा, बाटलीचा, अंथरुणाचा. सून चादरी रोज धुवायची, फरशी दोनदा पुसायची, पण वास काही हलायचा नाही. निघतो निघतो म्हणत बसून राहणाऱ्या पाहुण्यासारखा. नवऱ्याची नोकरी फिरतीची. घरी असला की तो बापाचं सगळं करायचा, पण घरी असायचा किती? गेल्या खेपेला नणंद आली. तिच्या नाकावर एरवीही माशी बसत नाही. बापाजवळ ती नाकाला रुमाल लावून बसली, वर सर्दी झाल्याचं सांगितलं आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वहिनी, काहीतरी करा बाई."

काहीतरी करा म्हणे! सांगायला कुणाचं काय जातं. सुनेला भीती होती ती वेगळीच. पलंगाखाली बाटली आली तेव्हापासून मास्तर पाणी टाळायला लागले होते. तहान नाही म्हणायचे. ज्या माणसाचा जन्म पाण्यात गेला, तो घोटभर पाण्याला मान फिरवायचा. डॉक्टर रागावले होते, असंच चाललं तर किडन्या जातील म्हणाले होते. त्यात खोलीला वास येतो हे त्यांना कळलं असतं, तर तो मानी म्हातारा उरलेला घोटही तोडून मोकळा झाला असता. रोज त्याच हवेत राहून त्यांच्या नाकाला तो जाणवत नसावा, असं ती धरून चालली होती. त्यांना ते कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट तिला काहीही करून सांभाळायची होती.

ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. शेजारच्या भेटवस्तूंच्या दुकानात असले दिवे मांडलेले असत. तिथली बाई ओळखीची.

"लहान खोली म्हणजे किती लहान?" बाईने विचारलं होतं.

"पलंग, कपाट आणि मी उभी राहण्यापुरती जागा."

"मग बेताचाच घ्या. लहान खोलीत मोठा दिवा डोकं उठवतो. त्यांना वास कुठला आवडतो?"

सुनेला सांगता येईना. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून मास्तरांच्या अंगाला एकच वास, तलावाच्या पाण्यात टाकतात त्या क्लोरीनचा. टॉवेलला तो, सायकलला तो, त्यांनी आणलेल्या भाजीलासुद्धा तोच.

"तीन घेऊन जा," बाई म्हणाली. "चालेल तो ठेवा, बाकीचे आणून द्या. वापरल्याशिवाय कळत नाही."

हे तिला पटलं. तिच्या धंद्यातही तेच होतं. आधी हे भिंग, मग ते, यातलं बरं कुठलं? गिऱ्हाइकं भिडस्त असतात, कशालाही छान म्हणतात. म्हणून तोंडाकडे लक्ष द्यायचं नाही, कपाळावरच्या आठ्या कधी जातात ते बघायचं.

मेणबत्तीचा दिवा चांगला तापल्यावर ती पुन्हा दाराशी आली, श्वास भरला, आत गेली.

"कसा वाटतोय?"

मास्तर दिव्याकडे बघतच नव्हते. तिच्याकडे बघत होते. "थांब जरा. आज दुकानात कोण कोण आलं होतं, सांग बघू."

"एक आजी नि एक ड्रायव्हर, दोघांनाही लांबचं दिसत नव्हतं."

"ड्रायव्हरला दिसत नव्हतं? अगं मग पुढे?"

"पुढे काय, चष्मा केला." तिचं तोंड लाल व्हायला लागलं होतं.

"जा, जा. दूध उतू जाईल," मास्तर म्हणाले. "आणि हा नको. अंथरुणापाशी ज्योत बरी नव्हे."

दुसरा होता विजेचा, काचेचा, आत बल्ब असलेला आणि अंमळ मोठाच. बाईने बजावलं होतं तरी सुनेने तो आणला होता, कारण मोठा दिवा मोठा वास झाकेल असा तिचा हिशोब. त्याने झाकला तर नाहीच, वर आपला एक घातला. पॅसेजमध्येसुद्धा गोड गोड दर्प कोंदला. मास्तरांनी तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि बातमी वाचायला लावली. तिने दोन ओळी एका दमात वाचल्या, तिसऱ्या ओळीला तिला शिंक आली, चौथीला डोळ्यांतून पाणी.

"नको, हाही नको," मास्तर म्हणाले. "डोकं उठलं तुझं."

"माझं? दिवा तुमच्यासाठी आहे बाबा."

"तेच ते. माझंच म्हणायचं होतं."

"तुमची कसोटी तरी काय आहे?"

"आहे एक," मास्तर म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी तिला त्यांच्या डोळ्यांत खट्याळपणा दिसला. दिव्यांचा हा उद्योग त्यांना मानवला होता म्हणायचा. तिलाही आता उत्सुकता लागली होती. हा माणूस वास घेताना नाक फुगवत नाही, डोळे मिटत नाही, मग पारखतो तरी कसा?

तिसरा दिवा अगदी छोटा, मुठीत मावेल असा, सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा. त्याच्या वाटीत मेणाची एक वडी ठेवायची. ती ऊन होऊन विरघळली की वास सुटणार. पण प्लग पलंगाच्या डोक्यामागे. सुनेने पॅसेजमधून श्वास भरून आणला होता, तरी तिला जमिनीवर बसून, हात लांब करून, अडचणीत चाचपावं लागलं. दिवा काही केल्या आत शिरेना.

"तेलही गेलं, तूपही गेलं," वरून मास्तर म्हणाले, "हाती राहिलं धुपाटणं."

"बाबा, आता नका हं हसवू!"

"नाही हसवत. तुला फौजदाराची गोष्ट सांगितली होती का? आमच्याकडे एक फौजदार आला पोहायला शिकायला. हे एवढं पोट, ह्या एवढ्या मिशा. शहर चळचळा कापायचं त्याला. त्याला म्हटलं, चला साहेब, उतरा. बघतो तर गडी पायरीवरच उभा, गाल फुगवून, डोळे बाहेर! पायाला अजून पाणी लागलेलं नाही, आणि याने श्वास धरलेला! म्हटलं, साहेब, सोडा श्वास, अजून कोरडे आहात. तर मानेनेच म्हणतो, नाही. पाणी पलीकडे, हा अलीकडे, आणि गुदमरतोय कोण, तर हा!"

सुनेच्या डोळ्यांसमोर तो मिशाळ फौजदार उभा राहिला आणि ती खो खो हसत सुटली. दिवा शेवटी एकदाचा आत शिरला, पण तिला उठवेना. पलंगाच्या पायाला धरून ती तशीच बसली. मग फौजदार पोहायला शिकला का, मिशा ओल्या झाल्यावर कसा दिसायचा, हे सगळं तिने विचारून घेतलं. बोलता बोलता बाहेर ऊन उतरलं.

"हाच," मास्तर मध्येच म्हणाले.

"काय हाच?"

"दिवा. हाच ठेव. एक नंबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडी बदलायला गेली. नेहमीप्रमाणे श्वास भरून आत शिरली, पलंगामागे वाकली आणि थबकली. वडी होती तशीच होती. चारही कोपरे शाबूत, वितळल्याची खूणसुद्धा नाही. तिने दिव्याला हात लावला. गार. प्लगचं बटण वरच्या बाजूला, कपाटाच्या आड होतं आणि ते बंद होतं. कालपासून ते कुणी चालू केलंच नव्हतं.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "दिवा लागलाच नव्हता काल."

मास्तरांनी डाव्या हाताने पांघरूण सारखं केलं. "हो का?"

"मग तुम्हाला वास आला कसला?"

"मला कुठला येतोय वास?" मास्तर म्हणाले. "जन्मभर ते क्लोरीन हुंगलं. नाक कधीच गेलं माझं. घरात काय शिजतंय ते मी ताटात बघून सांगतो, तुझ्या सासूला ठाऊक होतं."

"मग हा नको, तो नको, हे कशावरून?"

"तुझ्यावरून."

ती पलंगामागून उठून समोर आली.

"अगं, आयुष्यभर दुसरं काय केलं मी? श्वास कोण धरतंय, किती वेळ धरतंय, एवढंच तर बघत आलो. तू दारात भरून घेतेस आणि संपला की दूध उतू जातं. किती दूध घेतो गं आपण?" मास्तर हसले, पण हसू ओठांतच राहिलं. "त्यावरून कळलं खोलीचं. मला वास येत नसला तरी समोरचं माणूस दिसतं."

सुनेला शरमेने मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकांच्या कपाळाच्या आठ्या वाचणारी ती, आणि इथे कुणीतरी रोज तिचाच चेहरा वाचत होतं.

"म्हणून पाणी पीत नव्हतात?"

मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "मी कमी प्यायलो की तुझ्या फेऱ्या कमी. सोपा हिशोब आहे."

तिला रडू आलं. ज्याची भीती होती ते कधीच होऊन गेलं होतं, आणि झाकायला म्हणून ती जे करत होती, त्यानेच झालं होतं.

"चुकलं बाबा माझं."

"चुकलं काय त्यात? घाण वास घाणच असतो, नाक काय सासऱ्याचं म्हणून ऐकतं का? पण काल तू अर्धा तास इथे बसलीस, दिवा बंद होता, आणि खदाखदा हसत होतीस. झालं काही तुला?"

तिने मान हलवली.

"तेच म्हणतो. आता ती खिडकी उघड."

"वारा बाधतो ना?"

"बाधू दे. रस्त्यावरून कुणी बघितलं तर बघू दे. आणि तो दिवा लाव. तुझ्या नणंदेला लागेल."

तिने खिडकी उघडली, कपाटाआडचं बटण दाबलं आणि पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. परत येताना हातात भरलेला तांब्या आणि भांडं होतं. पाय दाराशी आपोआप थांबले आणि सवयीने छाती भरून आली.

"सोड," आतून मास्तरांचा आवाज आला, तलावाच्या काठावरून यायचा तसा खणखणीत. "सोड श्वास. मी आहे."

तिने श्वास सोडला आणि आत गेली. मास्तरांनी डावा हात पुढे केला, भांडं घेतलं, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"अजून दे," ते म्हणाले.