वरचं वीतभर पाणी

समुद्र-संशोधन संस्थेत तिला सगळे ‘साहेबांची मुलगी’ म्हणत. साहेब म्हणजे तिचे बाबा. ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी त्यांचं पाठ्यपुस्तक अजून चालू होतं, आणि त्यातली एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ होती: समुद्राचं वरचं मीटरभर पाणी एकजीव असतं, त्याचं तापमान सगळीकडे सारखं.

तिला ते पटत नव्हतं. बाबांनी तापमापक जहाजाच्या कडेवरून सोडले होते, आणि जहाज जिथे जाईल तिथलं पाणी ढवळून काढतं. मग त्यात थर दिसणार कसे? जहाजापासून लांब, खालून हलकेच वर येणारं उपकरण हवं होतं.

ते बनवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. हातभर लांब नळी आणि टोकाला केसाएवढा काचेचा तापमापक. नळी भरभर वर आली तर खालचं पाणीही ओढून आणायची, सावकाश आली तर लाटेने कलंडायची. टोकाला एक बुडबुडा चिकटला तरी आकडे बिनकामाचे. कार्यशाळेतला लेथवाला म्हणायचा, ही नळी नाही बाई, सासू आहे, कशानेच खूश होत नाही. बाबाही हौसेने चाचणीच्या हौदाशी येऊन बसत. नळी कलंडू नये म्हणून तिच्या शेपटीत शिशाचे छर्रे भरायची कल्पना त्यांचीच.

समुद्रावरच्या पहिल्या चाचणीलाही ते हट्टाने आले. दुपारी वारा पडला होता. नळी वर आली आणि पडद्यावर रेघ उमटली. पृष्ठभाग वीतभर अंतरावर येईपर्यंत ती सरळ होती, मग एकदम उबेकडे वळली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

बाबांनी चष्मा काढून पुसला. “नळी बिघडली असेल.”

“बाबा, प्रत्येक वेळी सारखंच येतंय.”

“मग प्रत्येक वेळी सारखीच बिघडली असेल.”

घरी आई तिला समजावत राहिली, की एवढी घाई कशाला, त्यांच्या माघारी काय ते जगाला सांग. पण ती थांबली नाही. परिषदेत तिने सगळं मांडलं. प्रश्नांच्या वेळी पहिल्या रांगेतून बाबा उठले. तिचा उल्लेख त्यांनी ‘या बाई’ असा केला. म्हणाले, वरच्या थरात उन्हाने काच तापते, ही रेघ पाण्याची नसून तापलेल्या काचेची आहे. तिने ऊन-सावलीतल्या चाचण्या दाखवल्या; दोन्हींत रेघ तीच होती. त्या होताना बाबा स्वतः शेजारी उभे होते. तेही तिने सांगितलं. सभागृहात कोणीतरी हसलं, आणि अध्यक्षांनी बाप-लेकीचा वाद घरी मिटवावा असं सुचवलं. पुढच्या मोहिमेत तिला जहाज मिळालं नाही. नळी कपाटात गेली.

काही वर्षांनी दुसऱ्याच एका संस्थेने तशीच नळी बनवली. त्यांनाही तीच रेघ मिळाली. मग सगळ्यांनाच ती खरी वाटू लागली. बाबांनी एका मुलाखतीत सांगितलं, की मला आधीपासून शंका होती, म्हणून तर मुलीला या कामाला लावलं.

तिने जाब विचारला तेव्हा ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, “घरातलंच आहे ना? त्यात तुझं-माझं काय करायचं?” आईने तिच्या ताटात भात वाढला.

संस्थेने कपाटातली नळी काढली आणि त्या नळीला बाबांचं नाव दिलं. समारंभात माहिती सांगायला तिलाच उभं केलं. नळी हळू का यावी लागते ते तिने नीट समजावलं, टाळ्या संपेपर्यंत थांबली आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. आईला कळेना. आता तर सगळे तुझंच खरं म्हणतात, मग आत्ताच कशाला सोडतेस?

“माझं नाही म्हणत, आई. त्यांचं म्हणतात.”

आता ती एका शीतगृहात तापमापक तपासायचं काम करते. बाबांचा फोन आला की रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी बोलते. घरी पाहुणे आले की बाबा मुलीची आठवण काढतात. हात चांगला होता पोरीचा, म्हणतात, चिकाटी तेवढी नव्हती.