रविवारची दुपार

गालांवर पावडर लावून होईपर्यंत थॅड ब्रॉडस गप्प बसला. ती पोरगी पफ घेऊन कपाळाकडे वळली, तेव्हा मात्र त्याने मान मागे घेतली.

"राहू दे. तासाभरात मॅचसाठी मास्क चढवायचाय. सगळं घामात वाहून जाणार."

"कॅमेऱ्यात कपाळ फार चमकतं हो," पफ तसाच धरून पेज म्हणाली. क्लबची सगळी प्रसिद्धी ही पेज लिंडक्विस्ट बघायची. "आणि आज तुम्ही चमकायचं नाहीये, हसायचंय!"

स्वतःच्या विनोदावर ती स्वतःच खळखळून हसली.

मैदानाच्या कडेला गवतावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि मागे एक फलक उभा केला होता. त्यावर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'रविवारची दुपार घरच्यांसाठी!' लीगच्या कचेरीत बसून कुणीतरी हे वाक्य पाडलं होतं. ज्याने उभ्या जन्मात रविवारी दुपारी मैदानावर पाय ठेवला नसेल, असाच कुणीतरी.

पुढच्या वर्षापासून बेसबॉलचा हंगाम आखूड होणार होता. मॅचेस कमी, सुट्ट्या जास्त. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे रात्री खेळलेल्या टीमला दुसऱ्या दिवशी दुपारी खेळवायचं नाही. रविवारची मॅचसुद्धा रात्रीच. टीव्हीवाले खूश, खेळाडू खूश, खेळाडूंच्या बायका खूश. नाखूश व्हायचं कारण असलेला अख्ख्या लुईव्हिलमध्ये एकच माणूस होता, आणि नेमकी त्याच्याच तोंडाला पावडर फासली होती.

थॅड होता दोन नंबरचा कॅचर. कॅचरने तीन-तीन तास उकिडवं बसायचं आणि पिचरने फेकलेले, विटेसारखे येणारे बॉल झेलायचे. शनिवारी रात्री ज्याचे गुडघे असे कामाला लागलेत, त्याला रविवारी दुपारी पुन्हा बसवायचं नाही, ही बेसबॉलमधली कुठेही न लिहिलेली आणि सहसा कुणी न मोडलेली रीत. त्या दुपारी दोन नंबरचा बसतो. अकरा वर्षं थॅडने ह्या दुपारींवरच काढली होती. आठवडाभर बाकावर बूड घासायचं आणि रविवारी दुपारी राजासारखं मैदानात उतरायचं. आता त्या दुपारीच गेल्या; रात्रीपर्यंत एक नंबरचा पुन्हा ताजातवाना. दोन नंबरचा कॅचर ठेवतील, नाही असं नाही. पण नुसतं बसून राहायला पस्तिशीचा थॅड कशाला? कुठलंही कोवळं पोरगं बसेल की.

आणि ह्यात त्याचाच हात होता, ह्याची त्याला सगळ्यांत जास्त शिसारी येत होती. टीममध्ये खेळाडूंच्या संघटनेचा प्रतिनिधी तोच. मार्चमध्ये लॉकर रूममध्ये ह्या नव्या वेळापत्रकावर मतं घेतली तीही त्यानेच. एक नंबरचा कॅचर विल्किन तावारेस उठून म्हणाला होता, "भावा, माझ्या पोरी मला फक्त झोपलेल्या दिसतात." त्यावर कोण काय बोलणार? सगळे हात वर गेले. मोजणाऱ्याचा तेवढा खाली कसा राहायचा, म्हणून थॅडनेही वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टाळ्या पडल्या, कुणीतरी त्याच्या डोक्यावर थंडगार बीअर ओतली. ह्याचं काय होणार हे एकाच्याही डोक्यात आलं नसेल? की आलं होतं, आणि तरी टाळ्या वाजवल्या? विचार केला की आणखीच किळस यायची.

"काय हिरो!" टीमचा मॅनेजर केसलर, सगळ्यांचा 'स्किप', पाठीमागून आला. "छान दिसतोयस. अरे, तू तर आपल्या घरचाच माणूस. पुढच्या वर्षीही तुझ्यासाठी काहीतरी बघू."

"काय बघणार, स्किप?"

"म्हणजे... पिचरना वॉर्मअप द्यायला कुणीतरी लागतंच ना."

"मॅचमध्ये नाही, कुंपणाच्या मागे."

"थॅड, आता आजच्या दिवशी नको रे." केसलरने त्याचा खांदा थोपटला आणि चालता झाला. तो हात टॉवेलने पुसून काढावा असं थॅडला वाटलं.

तेवढ्यात आई आली. चर्चमधून थेट, लव्हेंडर रंगाची रुंद हॅट आणि हातात पांढरी पर्स. अर्नेस्टीन ब्रॉडस दर रविवारी अशीच यायची आणि तिसऱ्या बेसच्या मागच्या तिच्या ठरलेल्या खुर्चीत बसायची. सातव्या डावाच्या मध्यात सगळं स्टेडियम उभं राहून गाणं म्हणतं, तेवढं म्हणायची, पर्स उचलायची आणि घरी जायची. थॅड पोचेपर्यंत चिकन तळून तयार असायचं, सोबत मक्याचा ब्रेड. अकरा वर्षांत मुलाची एकही मॅच तिने शेवटपर्यंत पाहिली नव्हती. कुणी टोकलं तर म्हणायची, "मॅच काय, पुढच्या रविवारी आहेच. चिकन गार झालं की गेलं."

तिला त्याने अजून काही सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचा आणि रोज जीभ रेटायची नाही.

"हे तोंडाला काय फासलंय?" ती खुर्चीत बसता बसता म्हणाली.

"कॅमेऱ्यासाठी, ममा."

"तुझे बाबा दाढीचा साबणसुद्धा नीट लावायचे नाहीत."

पेजने कॅमेरावाल्याला खूण केली आणि आवाजात मध ओतला. "मिसेस ब्रॉडस, पुढच्या वर्षापासून शनिवारी रात्री मॅच झाली की रविवारी दुपारी खेळाडूंना पूर्ण सुट्टी. मॅच थेट रात्री. म्हणजे तुमचा मुलगा दुपारी तुमच्याजवळ, जेवायच्या टेबलावर! कसं वाटतंय?"

अर्नेस्टीन हसली. कॅमेऱ्यासमोर माणसाने हसावं तशीच हसली. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि कपाळावर एक आठी पडली. बेसबॉल तिला नवऱ्याने शिकवला होता, मुलाने नव्हे. तिने मान वळवून थॅडकडे पाहिलं.

"मग तू कधी झेलणार रे?"

कॅमेरावाला पोरगा कॅमेऱ्यावरून डोळा न काढता तसाच उभा. पेजने हातातला कागद उलटून पाहिला, जणू उत्तर मागच्या बाजूला लिहिलंय.

"ममा, ते नंतर बोलू."

"तू ह्याला हो म्हणालास?"

"हात वर केला मी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ओके!" पेज म्हणाली. "फारच गोड! फक्त तो प्रश्न सोडून पुन्हा एकदा घेऊ या? आनंदाने?"

"पोरी," अर्नेस्टीन उठत म्हणाली, "मी आत्ता चर्चमधून आलेय. दुपारच्या आत खोटं बोलायला नको लावूस."

मॅच सुरू झाली. थॅड उकिडवा बसला, उठला, पुन्हा बसला. ऊन अंगावर घ्यावं असं होतं आणि पिचर चांगला टाकत होता. अशा दुपारी त्याला दुसरं काही लागायचं नाही. आज प्रत्येक बॉल हातमोज्यात आपटला की वाटायचं, हाही गेला.

सातव्या डावाच्या मध्यात गाण्याआधी मोठा पडदा उजळला. 'रविवारची दुपार घरच्यांसाठी!' खाली तो आणि आई. वर गोड संगीत चढवलेलं. आई हसली, मग थॅडकडे वळली. तिचे ओठ हलले, अगदी सावकाश, आणि आवाज नव्हता. तिच्या प्रश्नावर कुणीतरी गिटार वाजवत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी "ओऽऽ" केलं. बाकावरून तावारेसने अंगठा वर करून दाखवला. थॅडच्या तोंडात कडू पाणी आलं. तो बाजूला थुंकला, तरी चव गेली नाही.

गाणं झालं. तिसऱ्या बेसच्या मागे लव्हेंडर हॅट उभी होती. तिने पर्स उचलली, हॅट सारखी केली. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला जायला पाय आवरून घेतले. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग पर्स मांडीवर घेऊन खाली बसली.

थॅडने मास्क खाली ओढला.

शेवटचा बॉल त्याच्याच हातमोज्यात आला. बाकीचे हस्तांदोलनं करत होते, तो थेट कठड्याकडे गेला. स्टेडियम रिकामं होत होतं आणि ती तिच्या जागेवरच होती.

"चिकन?" त्याने विचारलं.

"ते काय, आता दर रविवारी गरम मिळेल."

तिने पर्समधून रुमाल काढला, कोपरा जिभेला लावून ओला केला आणि कठड्यावरून वाकली. त्याच्या कानाजवळ पावडरचा एक पांढरा ओघळ वाळून बसला होता.

"थांब," ती म्हणाली. "आधी हे निघू दे."