ट्रायलला न बोलावलेलं गिऱ्हाईक

मी शिंपी आहे. माणूस दारातून आत आला की टेप न काढता त्याची छाती सांगतो. ही बढाई आत्ताच मारून घेतो, कारण पुढे मारायला तोंड उरणार नाही.

बाबाही शिंपीच. आमच्या ह्याच दुकानात पन्नास वर्षं कात्री चालवली. मग एके दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, चालणं थोडंफार परत आलं, पण बोलण्यात एकच शब्द उरला, 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द तोंडापर्यंत येत नाहीत. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात माझ्या एकाही कॉलरला बरं म्हटलं नाही, त्याच्या वाट्याला नेमका हाच शब्द यावा!

वाचेवर उपचार करणाऱ्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "एक टॅब घ्या. त्यावर मी चित्रांचं ॲप टाकून देते. बाबांनी चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलेल. पण लवकर घ्या हं, पहिले महिने फार मोलाचे असतात."

"कोणता घेऊ?"

"कोणताही. ॲप सगळ्यांवर चालतं."

आता 'कोणताही' हे माझ्यासारख्याला सांगायची गोष्ट आहे का? मला अस्तर निवडायला दोन दिवस लागतात, आणि अस्तर तर कुणाला दिसतसुद्धा नाही. मी त्याच दुपारी दोनशे पानी वही आणली. अँड्रॉइडला एक रकाना, आयपॅडला एक, विंडोजला एक. कोणाला किती वर्षं अपडेट मिळणार, कोणाची बॅटरी किती तास, सगळं पेन्सिलने लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. नेटवर भांडणारी माणसं वाचून वाचून मीही त्यांच्यात उतरलो. एका अनोळखी माणसाशी चार दिवस हुज्जत घातली. तो दात काढणारा डॉक्टर निघाला. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, तुमच्याकडे कोणता टॅब आहे? मी गुपचूप बाहेर पडलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. मी पुठ्ठ्याचे टॅब कापले, अगदी मापात, मिलिमीटरचाही फरक नाही. आणि त्यांना कव्हरं शिवली! आतून फ्लॅनेल, बाहेरून सुटाचं उरलेलं कापड, दुहेरी शिवण. घरात टॅबचा पत्ता नाही आणि कव्हरं तीन.

बाबा इस्त्रीच्या टेबलाशेजारी खुर्चीत बसलेले असायचे. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना मी त्यांना वही वाचून दाखवायचो.

"बाबा, मग आयपॅड घेऊ या?"

"बरं."

"पण अँड्रॉइडमध्ये निवड जास्त आहे. तो घेऊ?"

"बरं."

मी बायकोला म्हणालो, "बघ, बाबांचंही अजून नक्की ठरत नाहीये."

ती काज करत होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या पाहण्याचा अर्थ मला लग्नानंतर आठवड्याभरात कळायला लागला होता, पण तेव्हा मी विंडोजच्या रकान्यात होतो.

असे दहा आठवडे गेले. एक दिवस तिने सुई खाली ठेवली आणि विचारलं, "अहो, गिऱ्हाईकाला ट्रायलला कधी बोलावताय?"

"कुठलं गिऱ्हाईक?"

तिने हनुवटीनेच बाबांकडे दाखवलं. "कच्च्या टाक्यावर अंगात घालून बघितल्याशिवाय ह्यांनी एक तरी कोट पक्का केलाय का? तुम्ही तीन मशीनची मापं घेतलीत. ह्यांचं माप घेतलंत?"

मी वही चाळली. दोनशे पानांच्या वहीत बाबांचा हात कुठेच नव्हता. डावा हात, ज्याने त्यांना आता सगळं करायचं होतं, तो मी मोजलाच नव्हता. शिंपी म्हणे!

त्याच संध्याकाळी त्यांना टॅबच्या दुकानात नेलं. बाबांनी पहिला उचलला, तो गुळगुळीत होता, निसटला. मी झेलला. दुसरा मांडीवर ठेवला आणि जड म्हणून लगेच बाजूला सारला. तिसऱ्याची कड त्यांनी कापडाचा पोत बघावा तशी अंगठ्याने चोळली. मग मांडीवर टेकवून अंगठा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन बघितला. पोचला. त्यांनी टॅब छातीशी धरला. सगळी मिळून पाच मिनिटं लागली. त्यात कोणती सिस्टीम होती ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही वाद घालाल आणि मी पुन्हा वही काढीन. एवढं सांगतो, की हे मॉडेल वहीत नव्हतंच, आणि माझं एकही कव्हर त्याला बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी थेरपिस्ट बाई आमच्या दुकानात आल्या. "कुठे होतात इतके दिवस?"

"निवडत होतो," मी म्हणालो. त्यांनी सरळ टॅब उघडून ॲप टाकायला घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ॲपमध्ये घरच्या माणसाचा आवाज भरता येतो म्हणाल्या, म्हणून मीच भरला. हो, नाही, पाणी, दुखतंय, थंडी वाजतेय, रागावलोय. खणखणीत बोललो, सभेत बोलल्यासारखा.

बायकोने बाबांच्या पुढ्यात बिनसाखरेचा चहा ठेवला. त्यांनी बोट ठेवलं. "नाही," माझा आवाज बोलला. तिने साखर आणली. मग त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. "नाही. थंडी वाजतेय." मग इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. "नाही." आम्ही खुर्ची खिडकीशी नेली. दहा आठवडे तो पंखा त्यांच्या डोक्यावर भणभणत होता, इस्त्रीची वाफ तोंडावर येत होती, आणि आम्ही येईल त्याला सांगत होतो की बाबांचं काही मागणं नाही, सगळ्याला बरं म्हणतात. मला इतकी लाज वाटली की मी उगाच टेप गुंडाळत बसलो.

शेवटी धीर करून विचारलं, "बाबा, मी रोज वही वाचायचो, ते ऐकायला आवडायचं?"

"नाही."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"उशीर केला मी. माझ्यावर रागावलात?"

त्यांचं बोट 'नाही'कडे गेलं. न टेकता तिथेच थोडं थांबलं. मग सरकलं.

"हो," माझाच आवाज मला म्हणाला, खणखणीत.

बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "बरं," ते म्हणाले. हे मात्र त्यांच्या स्वतःच्या तोंडाने.